जगाची मर्यादा आणि सांवेरची बोरिंग

इंदूरच्या सुदामा नगरमध्ये राहणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "काका, एकीकडे वाचते की माणसाने गोड्या पाण्याची जागतिक मर्यादा केव्हाच ओलांडली. दुसरीकडे वाचते की ती मर्यादा वर्षाला ४,००० घन किलोमीटर आहे आणि आपण अजून बरेच आत आहोत. दोन्ही खरं कसं असेल? आमच्या घरी एक दिवसाआड नर्मदा येते, आरओचं वाया जाणारं पाणी मी फरशी पुसायला वापरते. सासऱ्यांची सांवेरजवळ शेती आहे, तिथली सहाशे फुटांची बोरिंग फेब्रुवारीतच दम सोडते. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे का?"

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. फक्त तो आरओच्या बादलीतून जात नाही. माझं काम भूजलाचं. विहिरींची पातळी मोजायची, मोटर चालवून उपसा-चाचणी घ्यायची, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, यातच नोकरी गेली. त्यामुळे सुरुवात जगापासून करतो, पण रेंगाळणार आहे तो सांवेरला.

आधी ते दोन आकडे. २००९ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाने ओलांडू नयेत अशा पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडल्या, त्यातली एक गोड्या पाण्याची. जगातल्या नद्यांतून वर्षाला ४०,००० घन किलोमीटरच्या आसपास पाणी वाहतं. त्यातलं बरंचसं पुरात निघून जातं किंवा ॲमेझॉनसारख्या ठिकाणी वाहतं, जिथे ते घ्यायला माणसंच नाहीत. माणसाच्या हाताला लागेल असं पाणी १९९६ च्या एका गाजलेल्या अभ्यासात १२,५०० घन किलोमीटर धरलं होतं. नद्या, पाणथळ जागा, खाड्या जिवंत ठेवायच्या तर त्यातलं फार तर ४,००० खर्ची पडावं, असा २००९ चा अंदाज होता, आणि तेव्हाचा खर्च होता २,६००. तुम्ही वाचलेलं "अजून आत आहोत" ते इथून आलं.

घोळ पुढे होतो. जगभरात माणूस नद्या, तलाव आणि जमिनीखालून जे पाणी उचलतो तेही वर्षाला साधारण ४,००० घन किलोमीटरच आहे. त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला, २० टक्क्यांच्या आसपास कारखाने आणि वीजघरांना, उरलेलं घरांना आणि शहरांना. दोन्ही आकडे सारखे दिसतात म्हणून लोक एकाला दुसरा समजतात आणि "मर्यादा गाठली" असं लिहून मोकळे होतात. पण उचललेलं पाणी वेगळं आणि खर्ची पडलेलं वेगळं. तुमच्या मोरीतलं पाणी गटारात जातं, मैलं होतं, पण पाणी म्हणून ते नदीत शिल्लक असतं. गव्हाच्या पानांतून उडालेलं पाणी त्या खोऱ्याच्या हिशेबातून गेलेलं असतं. एवढा भेद मनात पक्का असला की पाण्याबद्दलच्या निम्म्या बातम्या वाचतानाच चाळल्या जातात.

२०१३ मध्ये हीच मर्यादा पुन्हा मोजली गेली. नद्यांना महिन्या-महिन्याला किती पाणी लागतं ते धरल्यावर आकडा २,८०० वर आला, आणि तोही १,१०० ते ४,५०० एवढ्या रुंद पट्ट्यात. एवढा रुंद पट्टा निघाला तेव्हाच माझ्या मते दिसून आलं की संपूर्ण जगासाठी एकच आकडा काढण्याचा खटाटोप फारसा कामाचा नाही. कार्बन डायऑक्साइड इंदुरात सोडला काय आणि ओस्लोत सोडला काय, हवेत एकच होतो. पाण्याचं तसं नाही. तुम्ही वाचवलेली बादली अरल समुद्राला मिळत नाही. कॅनडात तळी तुडुंब असली म्हणून सांवेरच्या हरभऱ्याला ओल येत नाही.

म्हणून २०२३ च्या फेरमांडणीत मोजपट्टीच बदलली. आता विचारलं जातं ते असं: औद्योगिक काळाआधी नद्यांचं वाहणं आणि मातीतली ओल ज्या पल्ल्यात वर-खाली व्हायची, त्या पल्ल्याबाहेर आज जगातली किती जमीन गेली आहे? नद्यांच्या बाबतीत सुरक्षित हद्द १०.२ टक्के जमिनीची धरली आहे, आज १८.२ टक्के जमीन बाहेर आहे. मातीतल्या ओलीसाठी हद्द ११.१, आज १५.८. ही हद्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच ओलांडली गेली, असंही त्या मांडणीत निघालं. म्हणजे तुम्ही वाचलेलं दोन्ही खरं आहे, मोजपट्ट्या मात्र दोन आहेत. आणि नव्या पट्टीत "बिघाड" म्हणजे नुसता कोरडेपणा नव्हे. धरणाखालची नदी पावसाळ्यात सुकी आणि उन्हाळ्यात भरलेली वाहू लागली, तर तोही बिघाडच.

याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. इंदूरला पाणी येतं ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून. त्याच्या वर ओंकारेश्वर आहे, त्याच्या वर इंदिरा सागर, साठवणीच्या हिशेबाने देशातला सगळ्यात मोठा जलाशय. आपण पितो ती नर्मदा ऋतूच्या नव्हे, दरवाजांच्या तालावर वाहते. आपल्याला ते सोयीचंच आहे, नाहीतर मे महिन्यात हंडे घेऊन निघावं लागलं असतं. पण नदीतल्या माशांना आणि काठावरच्या डांगरवाड्यांना ते सोयीचं आहे का, हा प्रश्न त्या १८ टक्क्यांत दडलेला आहे.

आता तुमची टाकी. नर्मदा मंडलेश्वरला समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर आहे, इंदूर साडेपाचशेवर. मधे विंध्याचा घाट, तोही चढायचा. एक हजार लिटर पाणी नुसतं चारशे मीटर वर न्यायचं तरी, पंपात आणि पाइपात काहीही वाया जात नाही असं धरून, १.०९ युनिट वीज लागते. घाटाची जादा चढण, पाइपातलं घर्षण, पंपाची झीज धरली की माझ्या हिशेबाने ती दोन युनिटांच्या घरात जाते. चार माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने वर्षाला सुमारे २०० घनमीटर पाणी लागतं, म्हणजे ४०० युनिट वीज तुमच्या नळापाशी पोचेपर्यंतच खर्च होते. महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी उभे केले, ते जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. कारण हेच वीजबिल. तेव्हा नळ बंद ठेवा, हौद भरून वाहू देऊ नका, पण त्यामागचं खरं कारण वीज आहे. नर्मदेचं पाणी संपेल हे नव्हे.

आणि तुम्ही वापरलेलं पाणी जातं कुठे? घरगुती पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी म्हणून बाहेर पडतो, असं धरूनच मलवाहिन्या बांधतात. ते कबीटखेडीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात किंवा न शुद्ध होता कान्ह नदीत येतं. कान्ह वाहते उत्तरेला, सांवेरवरून उज्जैनकडे, तिथे शिप्रेला मिळते. शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण घाट चढवून आणतो, त्याने आंघोळ करतो आणि बंगालच्या उपसागराकडे धाडतो. जल-विभाजक रेषा महूजवळ जानापावच्या डोंगरापाशी आहे, सहलीला आपण सगळेच गेलेलो असतो. नर्मदेच्या बाजूने हे सगळंच पाणी खर्ची पडलं, एक थेंब परत येत नाही. शिप्रेच्या बाजूने ही फुकट मिळालेली भर आहे, घाण असली तरी. कान्हच्या काठाने सांवेरकडे जा, ठिकठिकाणी नदीत सोडलेल्या मोटरी दिसतील. तुमच्या सासऱ्यांच्या पंचक्रोशीत कुणाचा तरी गहू तुमच्या मोरीच्या पाण्यावर पिकतो आहे, असं म्हणायला हरकत नाही. २०१४ पासून तर नर्मदेचं पाणी थेट शिप्रेच्या उगमाशी सोडण्याची सोय झाली, सिंहस्थाचं स्नान त्यावर होतं. ज्या नदीला स्वतःच्या स्नानासाठी दुसऱ्या नदीचं पाणी आणावं लागतं, तिच्या खोऱ्याने आपली मर्यादा ओलांडली आहे हे कळायला स्वीडनच्या शास्त्रज्ञांची गरज नाही.

नर्मदेतही अमर्याद पाणी नाही, ते आधीच वाटून झालेलं आहे. १९७९ च्या लवादाने वापरण्याजोगं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरलं आणि त्यातलं १८.२५ मध्य प्रदेशला दिलं, ९ गुजरातला, राहिलेलं राजस्थान आणि महाराष्ट्राला. शहरं, लिंक योजना, कालवे सगळे या १८.२५ मधूनच मागणार.

आता बोरिंग. इथे थोडा हिशेब करू, कारण जगाच्या मर्यादेचा खरा अर्थ इथे लागतो.

आपल्याकडे खाली दख्खनचा काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, सांध्या-भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र मांजऱ्या दगडात. वाळूसारखी पोकळी या खडकात नाही. एक घनमीटर मुरलेला खडक पिळला तर साधारण २ टक्केच पाणी सुटतं. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर आपल्या हाताला लागलं २०० घनमीटर, दोन लाख लिटर. (बिघ्याचा हिशेब गावागावाला बदलतो, म्हणून हेक्टरच धरतो.) गव्हाला एक पाणी द्यायचं, सहा सेंटीमीटरचं, तर हेक्टरी ६०० घनमीटर लागतात. एका पाण्याला पातळी तीन मीटर खाली! गव्हाची चार पाणी दिली की बारा मीटर.

भर किती पडते? इंदूरचा पाऊस सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास. अशा खडकात त्याचा साधारण ७ टक्के भाग मुरतो, असं ताळेबंद मांडताना धरतात. म्हणजे ६६ मिलिमीटर, हेक्टरी ६६० घनमीटर. एक पाणी, फार तर सव्वा. दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं ते जमेस धरलं तरी, चार पाण्याचा गहू एकूण जमिनीच्या चौथ्या, फार तर तिसऱ्या हिश्श्यावरच भागतो. नदी-नाल्यात वाहायला काही सोडायचं असेल तर त्याहूनही कमी. सांवेरकडे जाताना जानेवारीत रस्त्याच्या दोन्ही बाजूला बघा, चौथा हिस्सा हिरवा दिसतो की सगळंच शिवार. इंदूर जिल्ह्यातले बहुतेक ब्लॉक सरकारी यादीत "अतिदोहित" आहेत, म्हणजे वर्षाला जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. त्याचं अंकगणित हे असं आहे.

याच्याशेजारी तुमचं घर ठेवा. वर्षाचे २०० घनमीटर, म्हणजे एक हेक्टर गव्हाच्या एका पाण्याचा तिसरा हिस्सा. एक हेक्टर गहू चार पाण्यांत बारा घरांचं वर्षाचं पाणी पितो, आणि घरांसारखं परत देत नाही. मला गव्हाशी काही भांडण नाही, पोळी मीही खातो. पण पाण्याच्या मर्यादेची चर्चा शहरात दात घासताना नळ बंद करण्यावर संपते, ते मला पटत नाही. भारत वर्षाला सुमारे २४० घन किलोमीटर भूजल उपसतो, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि त्यातला सिंहाचा वाटा सिंचनाचा आहे. राजस्थान, पंजाब, हरियाणा, दिल्ली या पट्ट्यात २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल घटलं, हे नासाच्या ग्रेस उपग्रहांनी आकाशातून जमिनीचं वजन जोखून सांगितलं. पंजाबात खाली गाळाचा खोल साठा आहे, म्हणून तिथे हे खेचणं दशकानुदशकं चालू शकतं. आपल्याकडे खडक उथळ आणि चिंचोळा. तिथे पिढीत दिसणारं इथे फेब्रुवारीत दिसतं. एका अर्थी ते बरंच म्हणायचं, आपला खडक उधारी देत नाही.

"मग आठशे फूट जाऊ" असं सासरे म्हणत असतील. सगळेच म्हणतात. मार्चमध्ये कधी भर दुपारी त्या सहाशे फुटी बोरिंगचं झाकण काढून कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज आला, तर वरच्या थरातलं पाणी, जे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या जुन्या विहिरीचं होतं, ते बोरिंगच्या भोकातून खालच्या थरात गळतं आहे. खाली खडक बहुतेक घट्ट, भेगा थोड्या, त्यांना भर मिळायला वर्षं लागतात. केसिंग, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवायचा पाइप, फक्त मातीपुरतं टाकून काम उरकलं की असं होतं, आणि मशीनवाला मीटर-फुटाचे पैसे घेतो, त्याला खोली हवीच असते. जास्त खोल गेल्याने नवं पाणी क्वचित लागतं. बहुधा आपणच आपल्या विहिरीला भोक पाडतो.

दुसरा सल्ला मिळेल तो तुषार किंवा ठिबकचा. करा, पण डोळे उघडे ठेवून. पाटाने दिलं तर काही पाणी परत मुरायचं, ते शेजाऱ्याच्या विहिरीत निघायचं. तुषारने तेच वाचतं, आणि वाचलेल्या पाण्यावर माणूस दोन बिघे लसूण किंवा बटाटा वाढवतो. उचललेलं तेवढंच, खर्ची पडलेलं आधीपेक्षा जास्त. सिंचनाच्या कार्यक्षमतेचा हा उलटा गुण २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासकांनी अनेक देशांच्या दाखल्यांसह मांडला. माळव्यातल्या कुठल्याही पटवाऱ्याला तो अभ्यास न वाचताही माहीत आहे. क्षेत्र वाढवायचं नाही असं आधी ठरलं असेल, तरच ठिबकचा फायदा जमिनीखाली पोचतो.

शेततळ्यांबद्दलही थोडं. देवासला १९९० साली रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच जिल्ह्यात २००६ नंतर उमाकांत उमराव कलेक्टर असताना शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत हजारोंनी तळी खोदली, रब्बीचं चित्र पालटलं. काम मोठं आहे, मी ते जाऊन पाहिलं आहे. पण तळ्यात अडलेलं पाणी एरवी नाल्यात जायचं, नाल्यातून नदीत, तेव्हा अडवलेलं पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असतं. आपल्या शेतात पावसाळी पाण्याचं तळं आणि त्याच प्रमाणात बोरिंग बंद, असं असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. तळंही आणि बोरिंगही असेल, तर नाही.

या सगळ्यात एक साठा आपण विसरतो, आणि नव्या जागतिक मोजणीत त्याला वेगळी रांग मिळाली ती योग्यच झालं. तो म्हणजे मातीतली ओल, मालिन फाल्केनमार्क या स्वीडिश बाईंनी जिला "हिरवं पाणी" म्हटलं. मीटरभर खोल काळी माती पिकासाठी दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. खाली मुरणाऱ्या ६६ मिलिमीटरच्या दुप्पट-तिप्पट! सत्तरच्या दशकात सोयाबीन येण्याआधी माळव्यात कितीतरी जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवत आणि या ओलीवर कठिया गहू, हरभरा, जवस बिनपाण्याचं घेत. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही, उत्पन्न कमी होतं आणि घरं त्यावर चालत नव्हती. पण ती साठवण अजून तिथेच आहे. ती वाढवण्याचा मार्गही याच शहरातला आहे: १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड इथे कंपोस्टवर काम करत होते, जगात ती पद्धत "इंदूर पद्धत" म्हणूनच ओळखली जाते. सोयाबीनचं कुटार आणि गव्हाचं खुंट जाळण्याऐवजी जमिनीत गेलं, तर माती ओल जास्त धरते. शिवाय जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी ४० टक्क्यांच्या आसपास पाऊस हा जमिनीवरूनच उडालेल्या वाफेचा असतो. म्हणजे हिरवं पाणी गावाची हद्द ओलांडतं. जागतिक हिशेबाला अर्थ आहे तो मला इथे दिसतो, ४,००० च्या आकड्यात नाही.

आता सासऱ्यांना सांगायचं ते. बोरिंगची पातळी बघू नका, ती फसवते. शेतात जुनी विहीर असेलच. मे अखेरीस आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मोटर आदल्या रात्रीपासून बंद ठेवून, दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते मोजा. समजा पातळी चार मीटर वर आली आणि जमीन तीन हेक्टर आहे. चार गुणिले दोनशे गुणिले तीन, म्हणजे २,४०० घनमीटर. एवढीच या वर्षीची भर. त्यात एक हेक्टर गव्हाला चार पाणी होतात, किंवा दोन हेक्टर कठियाला दोन-दोन. उरलेल्या जमिनीत ओलीवर हरभरा. पेरणी याच आकड्यावर ठरवा, बाजारभावावर नको. शेजारी तसं करणार नसेल तर तुमचं वाचलेलं पाणी त्याच्या मोटरीत जाईल, हे खरं. म्हणून नाल्याच्या दोन्ही काठांच्या दहा-बारा घरांनी मिळून मोजावं. हिवरे बाजारला गाव दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवतं, शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे, आणि तिथला पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी आहे. सांवेरला अख्खं गाव एकत्र येणं अवघड, ते मला माहीत आहे. एका नाल्यापुरतं जमू शकतं. सहाशे फुटांच्या बोरिंगला पावसाळ्याआधी मुरूम संपून घट्ट पाषाण लागतो तिथपर्यंत केसिंग बसवून बाहेरून सिमेंटने बंद करून घ्या. आठशे फुटांपेक्षा हा खर्च बराच कमी येतो.